पुढच्या चाकाकडून येणारी घरघर आणि खडखड: नेमका दोष कसा ओळखावा?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार. माझ्याकडे २०१८ सालची पेट्रोलवर चालणारी लहान गाडी आहे. इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते, टायरचा आकार १६५/८० आर १४ आहे आणि मीटरवर सध्या ७१,००० किलोमीटरच्या आसपासचा आकडा आहे. कुंभार्ली घाटाने कराडला आणि मुंबई-गोवा महामार्गाने खेड व संगमेश्वरकडे माझे नियमित येणेजाणे असते. गेल्या पावसाळ्यानंतर पुढच्या डाव्या चाकाच्या बाजूने दोन प्रकारचे आवाज येऊ लागले असून त्यांचे मूळ एकच आहे की दोन वेगवेगळी आहेत, हे मला ठरवता येत नाही.

पहिला आवाज घरघरीचा आहे. ताशी ४० किलोमीटरच्या आसपास तो जाणवू लागतो, वेग वाढेल तसा चढत जातो आणि ताशी ६५ ते ७० च्या दरम्यान इतका भरीव होतो की मागे बसलेल्यांशी मोठ्याने बोलावे लागते. क्लच दाबून इंजिन मंद केले तरी त्यात फरक पडत नाही. दुसरा आवाज कोरड्या खडखडीचा आहे. तो केवळ उखडलेल्या रस्त्यावर, ताशी १५-२० च्या वेगात येतो आणि गुळगुळीत रस्ता लागला की पूर्णपणे थांबतो. स्टेअरिंगमध्ये थरथर नाही, ब्रेक लावल्यावर गाडी कोणत्याही बाजूला ओढत नाही आणि ब्रेक पॅड अलीकडेच बदललेले आहेत.

एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक वाटते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला जो पूर आला, त्यात ही गाडी चाकांच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती. त्यानंतर इंजिन, वायरिंग, ब्रेक आणि गिअरबॉक्सच्या तेलाची सर्व कामे करून घेतली होती आणि गाडी आजवर उत्तम चालली.

दोन गॅरेजमध्ये गाडी दाखवली. एका ठिकाणी दोन्ही बेअरिंग (ज्या गोळ्यांच्या कड्यावर चाक फिरते ते), दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे दांडे), दोन्ही शॉकअप आणि लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला सस्पेन्शनशी जोडणारे छोटे दांडे) असे सगळेच बदलण्याचा सल्ला मिळाला. दुसऱ्या ठिकाणी गाडी न चालवताच 'टायरचा आवाज आहे, टायर बदला' असे सांगण्यात आले. पुढचे टायर फार जुने नाहीत. खर्च करण्यास माझी हरकत नाही, मात्र कोणता भाग खरोखर गेला आहे हे समजल्याशिवाय चांगले भाग काढून टाकणे मनाला पटत नाही. मालकाला स्वतः करता येतील अशा कोणत्या तपासण्या आहेत, आणि या अवस्थेत घाटातून गाडी नेणे कितपत सुरक्षित आहे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

निवृत्त कारागीर (सातारा)

आपण दोन्ही आवाजांचे वर्णन वेगवेगळे केले, यातच निम्मे निदान झाले आहे. जो आवाज वेगाबरोबर चढतो आणि क्लच दाबल्यावरही तसाच राहतो, तो फिरणाऱ्या भागाचा, म्हणजे चाक, टायर, बेअरिंग किंवा ब्रेक डिस्क यांपैकी कशाचा तरी असतो. जो आवाज रस्त्याच्या खड्ड्यांवर अवलंबून असतो, तो वरखाली हलणाऱ्या जोडांचा असतो. तेव्हा आपल्याकडे दोन दोष आहेत असे धरूनच पुढे जावे. एकाचा शोध घेताना दुसऱ्याचा विचार मनात मिसळू देऊ नये.

कोणत्याही तपासणीआधी चाकांचे सगळे नट पान्याने तपासून घ्यावेत. लहान गाड्यांचे नट साधारणपणे १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेले असतात आणि नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पंक्चर काढून घेतल्यानंतर ढिले राहिलेले नट मी आयुष्यभर पाहत आलो आहे, आणि आवाजाच्या या एका कारणात चाक निखळून पडण्याचा धोका असतो.

त्यानंतर सपाट, कठीण जमिनीवर गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत आणि पुढचे एक चाक जॅकवर उचलावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोके घालू नये; चेसिसखाली घोडी (आधाराचा स्टँड) लावलीच पाहिजे. आता चाक घड्याळातील १२ आणि ६ च्या जागी धरून आतबाहेर हलवावे, नंतर ९ आणि ३ च्या जागी धरून तसेच करावे. १२-६ मध्ये खेळ, म्हणजे ढिलाई, जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा), आणि केवळ ९-३ मध्ये जाणवला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडील सांधा) किंवा स्टेअरिंगचा रॅक यांच्यावर संशय घ्यावा. १२-६ चा खेळ नक्की कशाचा, हे ठरवण्यासाठी दुसऱ्या माणसाला आत बसवून ब्रेक दाबून ठेवायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि नकल (बेअरिंग ज्यात बसते तो चाकामागचा ओतीव भाग) एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा असतो, आणि तसाच राहिला तर तो बॉल जॉइंटकडे किंवा सस्पेन्शनच्या दुसऱ्या जोडाकडे असतो.

खेळ सापडला नाही म्हणजे बेअरिंग चांगले आहे, असे मात्र समजू नये. आवाज करू लागलेल्या कितीतरी बेअरिंगमध्ये हाताला खेळ लागत नाही. अशा वेळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हलकेच ठेवावा आणि दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवावे. चांगल्या बेअरिंगच्या बाजूची स्प्रिंग शांत राहते. खराब बेअरिंगच्या बाजूच्या स्प्रिंगमध्ये बोटांना बारीक, खरखरीत कंप लागतो. जाते फिरताना खुंट्याला जसा लागतो, तसा. डिस्कला पॅड किंचित घासल्याचा आवाज कानाला येईल, तो सामान्य आहे; आपण कानाने नव्हे, बोटांनी तपासत आहोत. दोन्ही बाजूंना हे करून तुलना करावी, कारण एकाच बाजूला हात लावून चांगले-वाईट ठरवणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. इंजिन सुरू करून जॅकवर चाक फिरवण्याच्या मोहात पडू नये. एकच चाक उचललेले असताना, दोन्ही चाकांना फिरण्याची शक्ती वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलमुळे ते मीटरवरच्या वेगाच्या दुप्पट फिरते, आणि लोंबकळत्या सस्पेन्शनमुळे एक्सलचा सांधा वाकड्या कोनात आल्याने भलताच आवाज येऊ लागतो.

खडखडीसाठी माझा पहिला संशय लिंक रॉडवर आहे. तो तपासण्याची सोपी रीत अशी की, निर्मनुष्य रस्त्यावरचा एक गतिरोधक शोधून तो प्रथम दोन्ही पुढची चाके एकदम चढतील असा सरळ ओलांडावा आणि नंतर केवळ एकच चाक चढेल अशा बेताने ओलांडावा. दोन्ही चाके सारखीच वर गेली की दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार पिळला जात नाही, म्हणून लिंक रॉड जवळजवळ गप्प राहतो. एकच चाक चढले की तो बोलतो. शॉकअप किंवा त्याचे वरचे माउंटिंग गेले असेल, तर आवाज दोन्ही वेळा येईल. लोअर आर्मचा बुश गेला असेल तर हळू वेगात ब्रेक लावताना किंवा रिव्हर्समधून पुढे निघताना एकच जड ठोका ऐकू येतो. आपण तसे काही लिहिलेले नाही, म्हणून लोअर आर्म बदलण्याचा सल्ला मला आज तरी निराधार वाटतो.

लिंक रॉड हाताने हलवून पाहायचा असेल, तर दोन्ही चाके जमिनीवर असतानाच, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पाहावा. एक चाक जॅकवर उचलले की बारला पीळ पडून लिंक ताणला जातो आणि त्यातील ढिलाई लपते. 'लिंक तर घट्ट आहे' असा निर्वाळा गॅरेजमधून मिळतो, तो बहुधा याच कारणाने.

काळी चकती (पुणे)

बेअरिंगकडे वळण्याआधी टायरची शक्यता मी बाजूला टाकणार नाही. टायर नवीन असणे हा त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. अलाइनमेंट बिघडलेली असेल किंवा शॉकअप थकलेला असेल, तर वर्षभरातदेखील टायरची नक्षी उंचसखल झिजते आणि त्यातून बेअरिंगसारखीच घरघर निघते. गाडी थंड असताना तळहात टायरच्या पृष्ठभागावरून प्रथम एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागले, तर आवाजाचा उगम तेथे असू शकतो. बाजूच्या भिंतीवरील चार अंकी आकडाही वाचावा. २३२१ असा आकडा असेल तर तो टायर २०२१ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला असतो, आणि दुकानातून नवीन म्हणून घेतलेला टायर कित्येकदा बराच काळ पडून राहिलेला असतो.

सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे पुढची चाके मागे आणि मागची पुढे, आपापल्या बाजूलाच ठेवून बसवणे. आवाज मागे सरकला किंवा त्याचा पोत बदलला तर टायर, आणि जिथल्या तिथे राहिला तर बेअरिंग.

यंत्रशाळा (कोल्हापूर)

मी तंत्रनिकेतनात वाहन अभियांत्रिकी शिकवते, त्यामुळे वरील दोन्ही उत्तरांना थोडी कारणमीमांसा जोडावीशी वाटते.

टायर आणि बेअरिंग यांतील फरक ओळखण्यासाठी आपल्या भागात एक सोय आपोआप उपलब्ध आहे. मुंबई-गोवा महामार्गाचा बराच भाग आता काँक्रीटचा आहे, आणि काँक्रीटवर पाणी निघून जाण्यासाठी व पकड राहण्यासाठी आडव्या बारीक रेषा ओढलेल्या असतात. त्या रेषांवर चांगला टायरदेखील आवाज करतो. एकाच वेगाने, समजा ताशी ६० ने, काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर यावे आणि त्या क्षणी कान द्यावा. टायरचा आवाज पृष्ठभागाबरोबर स्पष्टपणे पालटतो. बेअरिंगची घरघर जवळजवळ तशीच चालू राहते.

दुसरी चाचणी वळणाची. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजव्या चाकांवर सरकतो आणि उजवीकडे वळते तेव्हा डाव्या चाकांवर. खराब बेअरिंगवर भार वाढला की त्याचा आवाज बहुधा वाढतो आणि भार उतरला की कमी होतो. त्यामुळे डाव्या वळणावर घरघर वाढत असेल तर उजव्या बेअरिंगवर संशय घ्यावा. ही चाचणी महामार्गावर गाडी नागमोडी चालवून करू नये. मोठे मोकळे मैदान किंवा घाटातील लांब, उघडी दिसणारी वळणे नेहमीच्या मर्यादित वेगाने घेताना जे ऐकू येते तेवढे पुरेसे असते. हा नियम शंभर टक्के लागू होतोच असे नाही, कारण बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असतात आणि कोणत्या रांगेची धाव (गोळ्या जिच्यावरून फिरतात ती पोलादी वाट) झिजली आहे यावर उत्तर अवलंबून राहते. म्हणून वळणाच्या चाचणीला स्प्रिंगवरच्या हाताची जोड द्यावी आणि दोन्हींचे उत्तर एकच आले तरच सुटा भाग विकत घ्यावा.

आवाज डावीकडून येतो हे आपले निरीक्षण खरे असले, तरी दोषाची जागा त्यावरून ठरवू नये. चाकातील कंप नकल, सस्पेन्शन आणि क्रॉस मेंबर यांतून गाडीच्या सगळ्या पत्र्यात पसरतो आणि जेथे पत्रा मोकळा असेल तेथून कानापर्यंत येतो. त्यात आपण रस्त्याच्या डाव्या कडेने गाडी चालवतो. डावीकडची काच उघडी असेल तर कठडा, कुंपणाची भिंत किंवा घाटातला कडा यांच्यावरून परतलेला आवाज त्या बाजूने आत येतो. मागच्या चाकाचे बेअरिंगदेखील कित्येकांना पुढचे वाटते, त्यामुळे चारही चाके फिरवून पाहावीत.

थोडे गणितही उपयोगी पडेल. आपल्या १६५/८० आर १४ टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर आहे. ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळजवळ ३ फेरे घेते आणि ताशी ६० ला साडेआठच्या आसपास. ताशी २० च्या वेगात 'ठक-ठक-ठक' असे सेकंदाला तीनच्या गतीने मोजता येण्यासारखे ठोके येत असतील, तर दोष चाकाच्या फेऱ्यात एकदाच येणारा आहे, म्हणजे टायरला आलेला फुगवटा, नक्षीत रुतलेला खडा किंवा खिळा, अथवा वाकडी डिस्क. बेअरिंगच्या एका फेऱ्यात पुष्कळ गोळ्या झिजलेल्या जागेवरून जातात, त्यामुळे त्याचे ठोके मोजता येत नाहीत. ते मिसळून सलग सूर होतो. आपल्या वर्णनातील घरघर सलग आहे. यावरून माझे मत बेअरिंगकडे झुकते, पण उंचसखल झिजलेला टायरही सलग सूर काढू शकतो, म्हणून काँक्रीट-डांबराची चाचणी टाळू नये.

एक्सलच्या सांध्याविषयी कोणी लिहिलेले नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू वेगात ॲक्सिलरेटर दिल्यावर 'कट्-कट्-कट्' असा आवाज येतो का, आणि चाकाच्या आतील बाजूला रबरी बूट फाटून ग्रीस उडालेले आहे का, एवढे पाहिले की पुरे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या तपासण्या केल्या असून त्यांचे निष्कर्ष लिहीत आहे.

चाकांचे नट घट्ट आहेत. टायरवरून हात फिरवला असता दोन्ही दिशांनी सारखेच लागले. परशुराम घाटाच्या बाजूला काँक्रीटवरून डांबरी तुकड्यावर येताना टायरचा सूर स्पष्ट उतरला, परंतु त्याखालची घरघर तशीच राहिली. आजवर हे दोन सूर मला वेगळे ऐकूच आले नव्हते. ताशी ५० ला तिसरा आणि चौथा असे दोन्ही गिअर टाकून पाहिले, घरघरीत फरक नाही. चालत्या गाडीत ब्रेकला हलका पाय लावूनही फरक पडला नाही.

कुंभार्लीच्या लांब वळणांवर जे ऐकू आले ते मला अनपेक्षित होते. डाव्या वळणावर घरघर ठळक होते आणि उजव्या वळणावर जवळजवळ विरून जाते. जॅकवर दोन्ही चाके तपासली तेव्हा कोणत्याही चाकात खेळ सापडला नाही, परंतु उजव्या स्प्रिंगवर ठेवलेल्या हाताला बारीक खरखर स्पष्टपणे लागली. डावी स्प्रिंग शांत होती. मागची चाकेही शांत आहेत. म्हणजे मी आजवर डावीकडे शोधत असलेला दोष उजवीकडे आहे.

गतिरोधकाच्या चाचणीत खडखड मात्र केवळ डावे चाक एकटे चढताना आली. दोन्ही चाके सरळ नेली तेव्हा ऐकू आली नाही. स्टेअरिंग वळवून डावा लिंक रॉड हलवला असता वरच्या टोकाचा गोळा सहज हलतो आणि त्याचे रबर फाटलेले आहे. एक्सलचे बूट शाबूत आहेत.

आता दोन प्रश्न उरतात. बेअरिंग एकच बदलावे की दोन्ही? आणि ते काम करून घेताना कोणत्या गोष्टींकडे लक्ष ठेवावे?

कराडचा मेकॅनिक

आपली तपासणी व्यवस्थित झाली आहे. प्रथम सुरक्षिततेविषयी लिहितो. खेळ नसलेले आणि केवळ आवाज करणारे बेअरिंग लगेच तुटत नाही, त्यामुळे गॅरेजपर्यंत हळू वेगात गाडी नेता येईल. घाटातून भरलेली गाडी घेऊन जाणे मात्र काम होईपर्यंत थांबवावे. दरम्यान आवाज अचानक वाढला, चाकाचा मधला भाग दुसऱ्या बाजूपेक्षा खूप तापलेला लागला किंवा एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जखडू न देणाऱ्या व्यवस्थेचा) दिवा पेटू लागला, तर गाडी चालवू नये, उचलून न्यावी.

बेअरिंग जोडीने बदलण्याचा नियम नाही. शॉकअपचे तसे आहे, बेअरिंगचे नाही. तरीही आपल्या गाडीच्या बाबतीत मी दोन्ही बदला असेच सांगेन, आणि त्याचे कारण २०२१ चा पूर आहे. गाडी चालू असताना ग्रीस सगळीकडे फिरत राहते. पाण्यात नुसत्या उभ्या असलेल्या गाडीत सीलमधून आत शिरलेले पाणी गोळ्या आणि धाव यांच्यामध्ये जागच्या जागी राहते आणि तेथे गंजाचे बारीक ठिपके पडतात. गाडी पुढे कितीतरी काळ चांगली चालते, मग त्या ठिपक्यांच्या जागी पोलादाचा पापुद्रा सुटू लागतो. आपल्या दोन्ही चाकांनी सारखेच पाणी पाहिले आहे.

काम करून घेताना पुढील बाबी पाहाव्यात. अशा लहान गाड्यांत पुढचे बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेले असते. नकल गाडीवरून उतरवून ते प्रेसवरच (दाब देणाऱ्या यंत्रावरच) काढले आणि बसवले पाहिजे. नकलमध्ये बसवताना दाब बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर आणि त्यात हब (चाक ज्यावर बसते तो भाग) बसवताना आधार आतल्या कड्याला, याबाबत तडजोड नको. हातोडीने ठोकून बसवले की तो धक्का गोळ्यांतून जातो, धावेवर खळगे पडतात आणि नवे बेअरिंग थोड्याच काळात जुन्यासारखे घरघरू लागते. प्रेस नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम देऊ नये, एवढे मी ठामपणे सांगेन.

एबीएस असलेल्या कित्येक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. ती बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या संवेदकाकडे आली पाहिजे. उलटे बसले तर बेअरिंग आवाज न करता फिरते, पण एबीएसचा दिवा पेटतो आणि सगळे काम पुन्हा करावे लागते, कारण एकदा दाबून काढलेले बेअरिंग परत वापरता येत नाही.

एक्सलचा मधला मोठा नट नवाच घालावा. तो चाकाच्या नटांच्या जवळपास दुप्पट ताकदीने आवळावा लागतो आणि नेमका आकडा गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असतो. गाडी जॅकवर असताना, दुसऱ्याने ब्रेक दाबून ठेवलेला असताना तो टॉर्क पान्यानेच आवळून घ्यावा. तो पूर्ण आवळला जाईपर्यंत चाकावर गाडीचे वजन येऊ देऊ नये, कारण बेअरिंगची दोन्ही आतली कडी याच नटाने एकत्र दाबून धरलेली असतात.

लिंक रॉड दोन्ही बाजूंचे बदलावेत. ते स्वस्त असतात. शेवटी अलाइनमेंट करून घ्यावी, कारण शॉकअपचे नकलशी जोडलेले बोल्ट सुटले की चाकाचा कल किंचित बदलतो.

निवृत्त कारागीर (सातारा)

लिंक रॉड आणि प्रेसविषयी माझी पूर्ण सहमती आहे. डाव्या बेअरिंगविषयी नाही. डावी स्प्रिंग हाताला शांत लागते, डावे चाक मोकळे फिरते आणि त्यावर भार आला की आवाज वाढण्याऐवजी कमी होतो. असे असताना पुराचा इतिहास आहे एवढ्यावरून चालू भाग प्रेसखाली घालणे मला रुचत नाही. प्रत्येक वेळी नकल उतरवताना टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि एबीएसची वायर यांना हात लागतो. उजवे काढल्यावर ते उघडून आतली धाव पाहावी. गंजाचे ठिपके दिसले तर कराडच्या मित्रांचे म्हणणे खरे मानून डावेही बदलावे. केवळ झीज दिसली तर डाव्याला राहू द्यावे आणि पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा स्प्रिंगला हात लावून पाहावे.

कराडचा मेकॅनिक

उघडून पाहून ठरवण्याची ही सूचना मला मान्य आहे. उजवे बेअरिंग निघाले की ते मालकाने मागून घ्यावे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

काम पूर्ण झाले. उजव्या बेअरिंगची कडी वेगळी केली तेव्हा आतील ग्रीस तांबूस आणि पातळ झालेले होते. आतल्या धावेवर सारख्या अंतराने काळपट ठिपके होते, आणि त्यांतील काही ठिकाणी पोलादाचा पापुद्रा उडालेला स्पष्ट दिसत होता. ठिपक्यांमधील अंतर गोळ्यांमधील अंतराशी जुळत होते, म्हणजे चाक स्थिर उभे असतानाच ते पडले असले पाहिजेत. ते पाहून डावे बेअरिंगही बदलण्याचा निर्णय घेतला. डाव्यातही ठिपके निघाले, पण पापुद्रा अद्याप सुटलेला नव्हता. दोन्ही लिंक रॉड नवे घातले आणि अलाइनमेंट झाली. घरघर आणि खडखड दोन्ही पूर्णपणे गेली असून काँक्रीटवर आता केवळ टायरचा स्वच्छ सूर ऐकू येतो. लोअर आर्म आणि शॉकअप जुनेच आहेत.

एक नवी गोष्ट मात्र सुरू झाली आहे. गाडी हळू चालत असताना डाव्या चाकातून पत्रा घासल्यासारखी बारीक किरकिर येते. ती चाकाच्या फेऱ्याबरोबर येते-जाते आणि ब्रेक दाबला तरी थांबत नाही. बेअरिंग चुकीचे बसले असेल का?

कराडचा मेकॅनिक

बेअरिंगचा आवाज असा नसतो. डिस्कच्या मागे धूळ आणि चिखल अडवण्यासाठी पातळ पत्र्याची ढाल असते. नकल काढताना किंवा प्रेसवर ठेवताना ती हमखास थोडी वाकते आणि डिस्कच्या कडेला टेकते. चाक काढून डिस्क हाताने फिरवावी. कडेवर ज्या जागी ताजी चकचकीत रेघ दिसेल, तिच्या समोरच पत्रा टेकत असतो. तेथे ढाल बोटाने किंवा रुंद पेचकसाने मागे दाबून डिस्कपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळी करावी. ढाल आणि डिस्क यांच्यामध्ये बारीक खडा अडकला आहे का, तेही त्याच वेळी पाहावे. चाक परत बसवताना नट एकाआड एक आवळावेत, आणि थोडे अंतर चालवल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.